बाकांसाठी तीन लिफाफे

मी शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होतो आणि कचेरीचं कामही बघायचो. बाकं हवी असली की गावातल्या सुताराला निरोप जायचा. एका वर्षी सरकारी अनुदानाचा नियम बदलला. खरेदीआधी तिघांचे दर बंद लिफाफ्यात घ्यायचे होते.

“माझ्यार इस्वास नाय, मास्तरानू?” सुतार दुखावला.

“इस्वास आसा रे, पण नियम सगळ्यांक सारखो,” मी म्हटलं.

गावात दुसरा सुतार नव्हता. शेवटी तोच चालत रेडीला गेला आणि ओळखीच्या दोघा सुतारांचे लिफाफे घेऊन आला.

त्याच्या स्वतःच्या लिफाफ्यासह तिन्ही उघडले, तर रेडीतल्या एकाचा दर सर्वांत कमी निघाला. मलाच वाईट वाटलं. सुतार मात्र हसला.

“तेचो हात बरो आसा. तेकाच काम देवा.”

रेडीचा सुतार महिनाभर ह्याच्याच घरी राहिला आणि बाकं दोघांनी मिळून केली.