बगळ्याची कमान

शहापूरच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या नथूला गळाची जुनी रिळं जमवायचा नाद होता, आणि गंमत अशी की माणूस माळकरी. मासा तोंडाला लावत नव्हता. लोक मुद्दाम विचारायचे, "नथूशेट, मासे किती घावले?" तो म्हणायचा, "मासे पाण्यातच बरे." बायको होती तोवर ती निदान कपाटातली जागा अडली म्हणून करवादायची. ती गेली, आणि त्या रिळांबद्दल चांगलं-वाईट बोलणारं घरात कोणी उरलं नाही.

बाहेर एकच होता. म्हसा गावचा धाकलू, एका शेतघराचा राखणदार. मालकाच्या अडगळीत त्याला पहिलं रीळ सापडलं आणि तोही वाया गेला. म्हशाच्या जत्रेत भंगारवाल्याच्या पथारीवर दोघांनी एकदमच एका रिळाला हात घातला होता आणि सोडायला कोणी तयार नव्हतं. भंगारवाला कावला. शेवटी चहा झाला, रीळ धाकलूने नेलं, आणि नथूला हक्काचा माणूस मिळाला. त्यानंतर दर जत्रेला सगळी दुनिया बैल बघायची आणि हे दोघं भंगारात उकिडवे बसायचे. कुठलं काळं, कुठलं हिरवं, कुणाची मूठ डाव्या अंगाला, कुणाची दुमडते, यातच दिवस मावळायचा. एरवी फोन होताच. संध्याकाळी नथूने दुकानाचं शटर ओढलं की धाकलू विचारणार, "काय रे, काय नवीन?" नवीन काही नसायचं. तरी बोलणं लांबायचं.

दोघांचा जीव होता तो बगळ्यावर. रिळाच्या पायावर बगळ्याचं चित्र, म्हणून बगळा. दोरा आत ओढून घेणारी तारेची कमान जुन्या बगळ्याला अर्धीच असते, एका बाजूने धरलेली. नव्याला पुरी, दोन्ही बाजूंनी. नथूकडे जुना होता. धाकलूकडे मात्र भलताच नमुना निघाला: पायावरचा नंबर जुना आणि कमान पुरी. धाकलू म्हणे, कंपनीने बदल करताना आधी थोडी करून बघितली असतील, त्यातलं हे. असं दुसरं शोधून दाखव. तो ते लेकरासारखं जपायचा.

गेल्याच्या मागच्या जत्रेत नथूने ते हातात घेतलं, एकदा फिरवलं आणि भंगारवाल्यादेखत बोलून गेला, "जोडकाम हाय. नव्याची कमान कोणीतरी जुन्याला बसवलीय."

"खोलून बघितलंस?" धाकलूने विचारलं.

"खोलायला कशाला पायजे? जन्म गेला माझा मशिनी खोलण्यात."

धाकलूने रीळ रुमालात गुंडाळलं आणि चालता झाला. संध्याकाळी फोन आला नाही. नथूनेही केला नाही. आपलं बरोबर असताना आपण का नमायचं? आता सांगा, उतारवयात माणसाने इतकं ताठ असावं का? पण होता. पुढच्या जत्रेला तो दिवसभर पथारीपाशी बसला. धाकलू आला नाही. त्याचं घर त्याच गावात, हाकेच्या अंतरावर. नथू तिकडे फिरकला नाही, आणि घरी येताना एसटीत त्याला फार एकटं वाटलं.

मग एके दिवशी फोन वाजला तो धाकलूच्या मुलाचा, प्रज्वलचा. "काका, आबा गेले. झोपेतच."

दहाव्याला नथू नदीवर गेला. पिंड मांडले होते. कावळे झाडावर बसून होते, खाली एक उतरेना. प्रज्वल हात जोडून म्हणाला, "आबा, आईची काळजी करू नका, मी हाय." कावळा हलला नाही. धाकलूचा भाऊ पुढे झाला, "बांधाचा वाद मी सोडला, दादा." तरी नाही. ऊन चढलं. म्हातारे कुजबुजू लागले, काहीतरी राहिलंय. शेवटी कोणीतरी म्हणालं, आता दर्भाचा कावळा करून शिवून टाका.

काय राहिलंय ते त्या गर्दीत एकट्या नथूला ठाऊक होतं. तो पुढे झाला, टोपी काढली. "धाकलू, तुझा बगळा अस्सल हाय. मी चुकलो."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कसला बगळा? कावळा मात्र मान वाकडी करून बसलेला. समोरचा मन राखायला खोटं बोलतोय हे कळलं की धाकलू अगदी अस्साच बसायचा. नथूला राग आला. सगळा साठलेला राग.

"नाय पटत ना? मग ऐक. जोडकामच हाय. तवा बी होतं, आता बी हाय. एवढ्यासाठी बोलणं टाकलंस? जत्रेत दिवसभर बसलो रे मी. आता मी कोणाशी भांडू?"

तो चारचौघांत लहान पोरासारखा रडला. तेवढ्यात कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

निघताना प्रज्वलने रुमालाची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "रोज काढून बसायचे, काका. स्क्रू-ड्रायव्हर पण घ्यायचे हातात. पण खोललं नाय कधी. म्हणायचे, नथू येईल, मग दोघं मिळून खोलू."

घरी येऊन नथूने दोन्ही बगळे खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. स्क्रू-ड्रायव्हर काढला. फक्त एक स्क्रू फिरवायचा होता, की खरं-खोटं कळलं असतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर परत डब्यात टाकला. बाजारातली शटरं खाली यायला लागली, फोनची वेळ झाली.

"जोडकाम हाय," तो मोठ्याने म्हणाला आणि थांबला.

"नाय" म्हणायला कोणी नव्हतं.