गाळलेली दोन पानं

इकडे ये गं पोरी, अशी जवळ बस. पुण्यात असलीस तरी बस. परवा फोनवर मी एवढी तळमळून सांगत होते आणि तू काय म्हणालीस? "मावशी, दोन पानांसाठी काऊन एवढी तापतेस?" माझ्या बहिणीची लेक तू, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतेस, आणि तुलाही ते दोन कागदच वाटावेत? म्हणून पहिल्यापासून लिहिते. मधे बोलू नको.

माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले, भात शिजेपर्यंत एखादं वाक्य, कधी तेही नाही. तरी इथं मूल गावच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांनीच मला या भाषांतराच्या कामाला लावलं. त्यांच्या वर्गातली बरीच मुलं गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतली, हॉस्टेलवर राहणारी. इंग्रजी पुस्तक त्यांना पेलत नाही आणि गाइडमधलं मराठी तर इंग्रजीहून अवघड. सर म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता तसं लिहून द्या. कॉलेज पुस्तिका छापेल."

निवडला तो तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज विचारवंत. माणूस जन्मतःच मोकळा, राजाला देवानं काही सनद दिलेली नाही, असं ठणकावून सांगणारा. आवडला मला. भांडकुदळ माणसं मला आवडतातच. पण पुढं तो म्हणतो, रानातलं फळ जो वेचील त्याचं, कारण त्यात त्याचे कष्ट मिसळले. जमीनही जो नांगरील त्याची. इथवर ठीक. मग म्हणतो, जी नांगरलेली नाही, ती नुसती वाया पडलेली. समुद्रापलीकडच्या रानातल्या लोकांची भूमी त्यानं अशी एका फटक्यात वाया ठरवली.

रविवारी मुलं माझ्या ओसरीवर येतात. या वाया जमिनीवरची दोन पानं मी मराठीत उतरवली आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"बाई, हा कधी जंगलात गेलता काय?" एकानं विचारलं.

"गेला असता तर नांगर घेऊनच गेला असता," दुसरा म्हणाला. "आपल्याकडचे खाणवाले यालेच वाचून आले असन!"

सगळे हसले. एक गोंडाची पोरगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "बाई, मोहाचं काय मग?"

"मोहाचं काय म्हणजे?"

"आमच्या गावात जंगलातले मोह घरागणिक ठरले आहेत. फुलं पडायच्या आधी आमी झाडाखालचा पाला झाडतो, जाळतो. झाडलेलं दिसलं का दुसरं कोणी तिथं फूल वेचत नाई. कुंपण नाई, नांगर नाई. मालक नाई काय त्याले?" पुढं म्हणाली, "आणि झाडणं कष्ट नाई काय? याच्याच हिशोबानं सांगा."

पोरी, एवढ्या वेळा ती पानं लिहिली-खोडली, पण त्याला त्याच्याच म्हणण्यात असं धरावं हे मला सुचलं नव्हतं. कॉलेजच्या चर्चासत्रात ती यावरच बोलणार असं तिथंच ठरलं. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. माईकसमोर कधी उभी राहिलेली नाही.

मग पुस्तिका छापून आली. दोन पानं गायब! मोकळा माणूस, राजा, सनद, सगळं गोडगोड जागच्या जागी. मी तशीच कॉलेजात गेले.

"सर, पानं कुठी गेली?"

"बसा बाई, पाणी घ्या."

"पाणी नको. पानं कुठी गेली?"

"अहो, आपली मुलं जंगलातली. त्यांचं मन दुखेल. परीक्षेलाही येत नाही ते. उगाच वाद होतो."

"तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाद नाई करायचा तर कुठी करायचा, बसस्टँडवर?"

ते हसले. त्या हसण्यानं माझं डोकं आणखी फिरलं. मन मुलांचं, दुखलं तर त्यांचं दुखेल. हे कोण झाकणारे? ज्या विचारानं लोकांच्या रानाला बेवारशी म्हटलं, तो रान असणाऱ्यांच्याच पोरांपासून लपवायचा, आणि वर म्हणायचं आम्ही जपतो! आता ती पोरगी उत्तर देणार तरी कोणत्या म्हणण्याला? ऐकणारे म्हणतील, पुस्तकात तर सगळं चांगलंच आहे, ही मोहाचं काय घेऊन बसली? सरांनी त्यावरही तोडगा काढला होता. "तिला दुसरा विषय देऊ. जंगलातली गाणी वगैरे." गाणी! ती विचार करून आली आणि हे तिला नाचायला सांगतात. मी उठलेच.

त्या पोरीला सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून ती रडेल. ती म्हणाली, "मी माईकवर आधी ती पानं वाचीन, मग बोलीन."

"सर थांबवतील."

"थांबवू द्या. काऊन थांबवलं, हे तर लोक विचारतीन ना?"

तर आता माझ्या ओसरीवर तयारी चालू आहे आणि तिथंच अडलंय. त्या इंग्रजाची बाजू घेऊन कोणीतरी तिच्याशी भांडायला हवं. मी घेते, पण दोन वाक्यांत मलाच त्याचा राग येतो आणि मी तिच्याकडून बोलायला लागते. पोरं हसतात. तुला त्याची बाजू येते, मुरलेली आहेस तू त्यात. तिच्यासमोर बस, तो होऊन बस, आणि तिला जराही सोडू नकोस. चर्चासत्र पुढच्या महिन्यात आहे. चंद्रपूरला उतर, मूलची बस मिळते. लवकर ये गं.