बाई कधी बसत नाहीत

हे लिहावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली. आम्ही बौद्ध. आईनं लहानपणापासून धम्माच्या प्रतिज्ञा पाठ करून घेतलेल्या, त्यामुळे चमत्कार हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. तरीपण त्या एसटीत माझ्या वाट्याला जे आलं, त्याला नुसता योगायोग म्हणून मोकळं होणंही मला जमलेलं नाही.

गोष्ट नव्वद सालानंतरची. बारामतीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी शाळेत शिकवत होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी वर्गातल्या खुर्चीवरून उठले, आणि माझ्यानंतर आलेल्या गुरुजींनी बसण्याआधी ती ओल्या फडक्यानं पुसली. "खडू सांडलाय," म्हणाले. अहो, मी अजून खडू हातातसुद्धा घेतला नव्हता! मनात म्हटलं, ठेवा तुमची खुर्ची तुमच्यापाशी. त्या दिवसापासून मी शाळेत बसले नाही. सहा वर्षं उभ्यानं शिकवलं, उभ्यानं वह्या तपासल्या, उभ्यानं डबा खाल्ला. कुणी "बाई, एवढं कराल?" म्हटलं की मी हजर. रजा नाही, उशीर नाही, चूक तर नाहीच नाही, कारण माझी चूक माझ्या एकटीची राहणार नव्हती. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "या बाई कधी बसत नाहीत." काय फुशारले मी!

डोकं ठणकायचं, कानात घणघण व्हायची. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं नाव घेतलं. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात ते स्पष्टच बोलले, "रजा टाका आणि पडून राहा, नाहीतर हेही बाळ हाताला लागायचं नाही." टाकते म्हटलं आणि टाकली नाही. 'यांच्यातल्या बाया अशाच' हे ऐकण्यापेक्षा डोकेदुखी परवडली, असं माझं डोकं चालायचं. माझे मालक एमआयडीसीत कामाला. ते बिचारे हात जोडायचे, "अगं, बस की जरा!" मी उलट त्यांच्यावरच खेकसायची.

त्यातच वैशाखी पौर्णिमा आली. माहेरी इंदापूरला विहारातल्या खिरीचं काम मी अंगावर घेतलेलं. बारामतीच्या स्टँडवर इंदापूरवरून जाणारी नरसिंहपूरची एसटी मिळाली, गच्च भरलेली. मी दांडी धरून उभी राहिले. शेजारच्या सीटवर एक आजी, कपाळभर कुंकू, मांडीवर नारळाची पिशवी. ती उठली आणि माझा हात धरून म्हणाली, "बस हितं."

"नको आजी, मला सवय आहे."

"कसली सवय? कुठली गं तू? कुणाची?"

हा प्रश्न कुठं जातो ते मला चांगलं ठाऊक. मी ताठ झाले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "आम्ही बौद्ध."

"मंग?" आजी म्हणाली. "तुमचा देव तर सदानकदा बसल्यालाच असतोय. तू का उभी?"

आम्ही त्यांना देव मानत नाही, हे सांगायला तोंड उघडलं, पण आठवली ती घरातली बुद्धमूर्ती. रोज जिच्यापुढे मी मेणबत्ती लावत होते, ती मूर्ती शांत मांडी घालून बसलेली आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. मी बसले आणि चारचौघांत हमसून हमसून रडले. आजीनं वाकून माझ्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. "पोरी, ही सूज चांगली न्हाय. माझी लेक आसंच अंगावर काढत गेली. बाळबी गेलं." सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं.

इंदापूरला ती माझ्याबरोबर उतरली. तिची एसटी तिला न घेताच पुढे गेली. "जाऊ दे. नरसिंह काय पळून जात न्हाय," म्हणाली आणि रिक्षानं मला थेट दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, कुठल्याही क्षणी झटके आले असते. माझी आई येईपर्यंत ती माझा हात धरून बसून होती. मग माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा आजी गेली होती आणि देवासाठी घेतलेला नारळ माझ्या उशाशी होता. मालक नंतर नरसिंहपूरला जाऊन विचारून आले, पण विचारणार तरी काय? तिनं माझं गाव विचारलं, घर विचारलं. मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

चार आठवडे मी निमूट पडून राहिले. मुलगी झाली. मूठभर जीव, पण रडली खणखणीत.

त्या आजीला कुणी पाठवलं, मला माहीत नाही. त्या फडक्याचा राग मला अजून येतो, आणि तो सोडायचं मी ठरवलेलंही नाही. पण त्या रागापायी मी माझंच लेकरू पणाला लावलं होतं. मायेनं कुणी बस म्हटलं तर बसावं, एवढंच मी शिकले. दर पौर्णिमेला वंदनेला बसते तेव्हा त्या आजीला मनोमन हात जोडते.

रजा संपवून शाळेत गेले त्या दिवशी मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले. पुढची एक मुलगी घाबरून उभी राहिली.

"बाई, बरं वाटत न्हाय का?"

"बरं वाटतंय गं," मी म्हटलं. "म्हणून तर बसले."