बाहुल्याचा दुसरा डोळा

जपानचं मंत्रिमंडळ वेलिंग्टनमधल्या एका स्वयंपाकघरातून चालतं, हे खुद्द जपानी जनतेला ठाऊक नसेल. मी मात्र दोन हजार अकरापासून आठ वर्षं ते शेजारून पाहत होतो. स्वयंपाकघर आमच्या शेजारच्या काकांचं. मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, मुलामागोमाग इथे आलेले. तरुणपणी कंपनीने त्यांना शिकायला जपानला पाठवलं होतं आणि तिथे त्यांच्या खोलीत एक जपानी पोरगा राहायचा. तो पुढे राजकारणात शिरला आणि त्याच्यामागून काकाही शिरले, घरबसल्या. हा रूम-पार्टनर मत्स्यखात्याचा उपमंत्री झाला, तेव्हा जन्मात मासा न खाल्लेले काका धक्क्यावर जाऊन गळ टाकून बसलेल्यांची चौकशी करू लागले. तिकडे विरोधकांनी गोंधळ घातला की इकडे काकांना जेवण जात नसे. "आम्हाला बोलूच देत नाहीत रे," असं म्हणत ते वरणभात नुसताच कालवत बसायचे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी फ्रिजवरचा एक लाल, गोल बाहुला होता. जपानात मनात इच्छा धरली की अशा बाहुल्याचा एक डोळा रंगवतात, आणि ती पुरी झाली की दुसरा. निरोपाच्या दिवशी पार्टनरने एक डोळा रंगवून बाहुला काकांच्या हातात दिला होता. "मी मंत्री झालो की तुझ्या घरी येऊन दुसरा रंगवीन," असं म्हणाला होता. पुण्यातली तीन बिऱ्हाडं आणि इथलं कस्टम्स पार करून तो एकडोळ्या सुखरूप पोचला. गणपतीत तो मखराशेजारी बसे. पोरं विचारायची, "काका, व्हाय ओन्ली वन आय?" काका म्हणायचे, "कमिंग सून."

आणि एके वर्षी पार्टनर खरंच मंत्री झाला! काकांनी डेअरीवाल्यालासुद्धा पेढा दिला, काळा रंग आणि ब्रश आणला, जपानीत पत्र धाडलं. उत्तरादाखल छापील आभारपत्र आलं. काकांनी बोट ओलं करून सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही. "बिझी असणार," ते म्हणाले. मग मंत्रिमहोदय सरकारी दौऱ्यावर वेलिंग्टनलाच आले. काका पिशवीत बाहुला घेऊन सकाळपासून संसदेच्या फाटकाशी वाऱ्यात उभे. गाडी येताच काका जपानी रीतीने कमरेत असे काही वाकले, की सरळ होईपर्यंत गाडी आत गेलेली. "त्याने हात केला असेल रे, मलाच दिसला नाही," घरी आल्यावर एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्हीच रंगवून टाका ना." "इच्छा त्याची. डोळा त्यानेच भरायचा." आतून काकू म्हणाल्या, "ह्यांनी माझी एवढी वाट कधी पाहिली नाही!"

पुढच्या फेरबदलात पार्टनरचं मंत्रिपद गेलं, मग निवडणुकीत तो पडलाही. मी भेटायला गेलो तो सुतकी चेहरा करूनच. काका स्टुलावर चढून बाहुला पुसत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "आता त्याला वेळ असेल."

नंतर मी नोकरीसाठी क्राइस्टचर्चला आलो. त्या स्वयंपाकघराची फार आठवण येते. परवा फोन केला, तेव्हा काका फिरायला गेले होते. दुसऱ्या डोळ्याचं विचारायला जीभ रेटेना. काकूच आपणहून म्हणाल्या, "अरे, बाटलीतला रंग वाळून गेला होता. काल मीच जाऊन नवीन आणली."