पैलवानाचं पोट

"खांदा लई दुखतोय गं अक्का," म्हणत माझा धाकटा भाऊ स्वतःच्या पायांनी वॉर्डात आला, डावा हात उजव्या हातानं सावरून. मी तेव्हा कोल्हापुरात एका दवाखान्यात सर्जिकल वॉर्डाची नर्स होते, आणि सकाळची औषधं द्यायची राहिली होती. खेकसलेच त्याच्यावर, "तालमीतलं तेल संपलं काय रे?" त्याच्या मागं त्याचे वस्ताद होते आणि आमचे वडील, आबा. आबा पेठ वडगावाकडच्या आमच्या गावाहून त्याचा खुराक घेऊन यायचे, तूप नि बदाम. त्या दिवशीही तसेच आले होते.

झालं होतं ते एवढंच. सकाळच्या मेहनतीत जोडीदाराचा गुडघा त्याच्या डाव्या बरगड्यांखाली बसला. पोटावर ना ओरखडा ना सूज. जरा टेकला आणि पुन्हा मातीत उतरला. मग डावा खांदा ठणकायला लागला. वस्तादांनी खांदा उतरला असं ठरवून तो रगडला, गरम विटेनं शेकला, वर पेलाभर दूध पाजलं. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला!

मी त्याचं मनगट धरलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाडी नुसती धावत होती. हात गार पडलेला, घामानं चिकट. खांदा दुखावला म्हणून माणसाला असा घाम फुटत नाही. खाटेवर आडवा केला तर खांद्याची कळ आणखी वाढली, तो उठून बसायला बघू लागला. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

डॉक्टरांनी खांदा सगळीकडून फिरवून बघितला. काही अडत नव्हतं. "मार कुठं बसला होता?" त्यानं बरगड्या दाखवल्या. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक.

"पैलवानाचं पोट हाय सायेब," वस्ताद कौतुकानं म्हणाले, "कडक असणारच की."

"पैलवानाचं पोटसुद्धा श्वास सोडला की सैल पडतं. याचं पडत नाहीये."

त्यांनी त्याला गुडघे दुमडायला लावले, लांब श्वास सोडायला लावला. पोट तसंच. मग पोटात सुई घालून ओढली, तर सिरिंज काळपट रक्तानं भरली. सोनोग्राफी वगैरे आमच्याकडं तेव्हा कुठली असायला! डॉक्टर म्हणाले, पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलीय, पोटात रक्त साठतंय. ते वर श्वासाच्या पडद्याला लागलं की कळ खांद्यात उठते. पोट उघडून पानथरी काढून टाकायची, आत्ताच. तिच्यावाचून माणूस जगतो.

"पोट फाडायचं?" आबा म्हणाले. "फाडल्या पोटाचा पैलवान कुणी बघितलाय?"

तालमीत हात मोडला तर बसवून घेतात, फुटलेला कान तर मिरवायचाच असतो. पण पोटावर सुरी फिरली की माती सुटली, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्यातून जत्रेतली त्याची कुस्तीची मोठी जोड ठरलेली. वस्ताद म्हणाले, "जरा थांबूया की. आतलं रगात जिरंल."

"जिरंल? शेतात पाणी सोडलंय काय तुमी?" मी पेशंटांदेखत ओरडले. मला कुणी गप्प केलं नाही आणि माझं कुणी ऐकलंही नाही. भावाला विचारलं तर म्हणतो, "आबा म्हणतील तसं." चांगला बैलासारखा गडी, पण बापापुढं शब्द नाही.

मी सलाईन लावलं, खाटेचा पायथा उचलून विटा सरकवल्या, रक्ताची सोय करायला माणूस पिटाळला. सलाईन चढलं तशी त्याच्या तोंडावर तरतरी आली. तेवढ्यानं घात केला. "बघा, उतार पडला!" आबांचा चेहरा उजळला. डॉक्टर परोपरीनं सांगत होते, हा बाटलीचा जोर आहे, टिकणार नाही. आबा हात जोडून म्हणायचे, "थोडा वेळ द्या सायेब."

दुपारी पोट फुगायला लागलं. तो सारखं पाणी मागत होता आणि मी फक्त ओला बोळा ओठांवरून फिरवत होते. ओठ पांढरे पडले. मी आबांचा हात ओढून त्याच्या नखांवर ठेवला. पांढरीफटक नखं. आबा डॉक्टरांकडं न बघताच म्हणाले, "करा."

ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. डॉक्टर बाहेर आले, मास्क काढला आणि मला म्हणाले, "सिस्टर, आत नुसतं रक्तच होतं."

मी आत गेले तेव्हा त्याच्या पोटावर उभी लांब चीर शिवलेली होती. मागून आबा आले. खाली आवारात तालमीतली पोरं जमली होती, त्यांचा गलका वर ऐकू येत होता. आबांनी डोक्याचा पटका सोडला आणि त्या टाक्यांवरून गुंडाळायला लागले.

"आता काय झाकताय आबा?"

"पोरं बघतील," ते म्हणाले. "पैलवान हाय त्यो."

अंगाची लाही लाही झाली माझी. वाटलं, पटका हिसकावून घ्यावा आणि साऱ्या तालमीला वर बोलवून दाखवावं, की बघा रे, ही चीर सकाळी घालू दिली असती तर हा चार दिवसांनी खाटेवर बसून भाकरी मागायला लागला असता. पण पाठीखालून फेरा काढायला आबांना एकट्याला जमेना. मी भावाच्या पाठीखाली दोन्ही हात घातले आणि त्याला उचलून धरलं.