तेल निथळेपर्यंत

आमच्या गाडीचं तेल गॅरेजात कधी बदललं गेलं नाही. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, गॅरेजवाल्यांवर एकच राग होता. ते घाईत असतात, जुनं तेल पुरतं निथळू देत नाहीत. इंजिनाखालच्या चेंबरचा बोल्ट काढला, धार बारीक झाली की लगेच बोल्ट परत लावला, झालं. "आत राहिलेलं काळं तेल नव्या तेलाची माती करतंय," असं ते म्हणायचे. कलबुर्गीकडं, निंबर्ग्याला आमचं बी-खताचं दुकान. ते धाकट्या भावावर सोडून हे अख्खी सकाळ गाडीखाली घालवायचे. मला त्याचा वैताग यायचा. अंगणात काळे डाग, माझी एखादी बरी चादर खराब, आणि वर चहा तिथंच आणून द्या.

मी संतपूरची. माहेरी मराठी, शेतावर थोडी तेलुगू. लग्न होऊन इकडं आले तेव्हा सासूबाईंचं कन्नड माझ्या डोक्यावरून जायचं. घरात सगळ्यांना दोन्ही भाषा येत होत्या, पण आपसात बोलणं कन्नडात. हे मात्र माझ्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलले. पुढं मला कन्नड कळायला लागलं, बाजारात भाव करण्यापुरतं बोलताही यायला लागलं, तरी आमच्या दोघांत मराठीच राहिली. भांडण मराठीत, समजूतही मराठीत. माझं नाव ह्यांनी फार कमी वेळा घेतलं असेल. आमटीत मीठ जास्त पडलं की "येडे!" मला ताप आला की "येडे, गोळी घेतलीस का?" लोकांसमोर तरी म्हणू नका, असं किती वेळा सांगितलं. माणूस ऐकेल तर ना.

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कन्नडात उजव्याला बल म्हणतात. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना दीर "बल बाजू गेली" असं सांगायचे आणि मला वाटायचं, बरोबरच आहे, बळच गेलं की. मग हळूहळू पाय उचलायला लागले, डाव्या हातात काठी धरून अंगणात फिरायला लागले. एक दिवस "नीर" म्हणाले. पाणी पाहिजे होतं. घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आता मराठीही येईल म्हणून मी वाट बघत राहिले, पण ती काही आली नाही.

मी मराठीत बोललेलं सगळं त्यांना समजायचं. उत्तर कन्नडात यायचं, तेही शब्दाचं शेपूट गिळून. कलबुर्गीला व्यायामाला न्यायची तेव्हा तिथल्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी. एक भाषा आधी येते, दुसरी नंतर येते, किंवा येतही नाही. किती सहज म्हणाल्या! जणू एस.टी.च्या गाडीबद्दलच बोलत होत्या.

मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. माणूस वाचला, चालायला लागला, जेवतोय, झोपतोय, आणि ही भाषेसाठी रडायलीय, असं कुणीही म्हणालं असतं. पण भावाशी बोलावं, गिऱ्हाइकाशी बोलावं, तसंच नवरा माझ्याशी बोलतो हे मला सोसत नव्हतं. कन्नडात त्यांनी मला कधी येडी म्हटलं नव्हतं. म्हणायचं तर त्या भाषेत "हुच्ची" म्हणतात. तेही म्हणाले नाहीत. पाणी, जेवण, दार लाव, दिवा घाल. मी त्या घरातली आणखी एक बाई झाले होते.

व्यायामाच्या बाईंनी एक मात्र कामाचं सांगितलं. पूर्वी हे हातानं जे करायचे ते त्यांच्यासमोर करा, त्यांनाही त्यात घ्या. कामाबरोबर शब्द येतात. मी दुकानातली मापं आणून दिली, खुरपं दिलं. काही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी हे काठीनं गाडीच्या बॉनेटवर ठोकायला लागले. तेल बदलायची वेळ होऊन गेली होती.

दीर म्हणाले, "आळंदला गॅरेजात देऊन येतो."

"ब्याड," हे म्हणाले. नको.

"मग कोण बदलणार अण्णा?"

ह्यांनी डावा हात उचलून माझ्याकडं बोट केलं.

"वैनीला कुठं जमतंय? इंजिन जाम हुईल उगं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. जमणार नाही हे मलाही माहीत होतं, पण दिरानं म्हटल्यावर मला ते चाललं नाही. "भावजी, तुमी दुकान उघडा जावा," मी म्हटलं. गाडी चालवायला मी ह्यांच्याकडूनच शिकले होते, आळंदच्या रस्त्यावर, "येडे क्लच, येडे ब्रेक" ऐकत. त्यापेक्षा हे अवघड असणार नव्हतं.

फाट्यापर्यंत एक चक्कर मारून इंजिन गरम करून आणलं. गरम तेल पातळ होतं, लवकर उतरतं. पुढच्या चाकांखाली ह्यांनी कधीच्या शहाबादी फरश्या रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर गाडी चढवली. मागच्या चाकांना दगड लावले. ह्यांना खुर्ची पुढच्या बंपरजवळ दिली. मी साडीवर त्यांचा जुना शर्ट चढवला, पोतं अंथरलं आणि घमेलं ढकलत आत सरकले. शेजारीण भिंतीवरून बघत होती. बघू दे. तिच्या दुपारची सोय झाली.

खाली गेल्यावर कळलं की गाडी खालून दुसरीच असते. चिखल, धूळ, तोंडावर पडणारा भुगा. चेंबरचा बोल्ट सापडला. पाना बसवला आणि जोर लावला. काही हललं नाही. परत लावला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी पान्याला शिव्या घातल्या. आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"येड…!"

मी थांबले.

"येड…! येड…!"

पाना हातातच राहिला. पोत्यावर पाठ टाकून मी तशीच पडून राहिले आणि डोळ्यातलं पाणी कानात जायला लागलं. आली म्हटलं, बाई आली. एवढे महिने गिळलेली मराठी आली, आणि पहिला शब्द माझा.

"काय म्हणलाव?" मी खालून ओरडले. "परत म्हणा!"

"येड…!"

"आनखी एकदा!"

ते चिडले. काठी फरशीवर आपटायला लागले. येड, येड, येड. मला त्या चिडण्याचाही आनंद झाला. पूर्वी अगदी असेच चिडायचे. त्यांना अजून चिडवावं म्हणून मी पाना आणखी जोरात दाबला, आधी दाबत होते त्याच बाजूला.

तेव्हा बंपरखालून त्यांचा हात आत आला. डावा हात. कसे वाकले कोण जाणे. बोटांनी हवेतच काहीतरी धरल्यासारखं केलं आणि तो हात फिरवून दाखवला, डावीकडं. पुन्हा डावीकडं.

"यडक्क," ते म्हणाले. या वेळी शब्द पुरा होता.

कन्नडात डाव्याला एड म्हणतात, बोलताना येड. यडक्क म्हणजे डावीकडं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रिक्षावाल्याला मीच कितीदा सांगितलंय. पण कान ज्याची वाट बघत बसलेला असतो तेच त्याला ऐकू येतं. मी बोल्ट उलटा फिरवत होते, सैल करायच्या जागी आवळत होते, आणि हा माणूस मला एवढंच सांगत होता.

पाना डावीकडं फिरवला. बोल्ट कुरकुरला, सुटला, आणि काळी धार घमेल्यात पडली. थोडं गरम तेल मनगटावर आलं. बरं झालं, तोंड वाकडं करायला कारण मिळालं.

बाहेर येऊन मी भिंतीला टेकून बसले. धार बारीक झाली, मग थेंब सुरू झाले. तेल निथळेपर्यंत मी वरून फिल्टर काढला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावलं आणि तो हातानंच आवळून बसवला. हे बघत होते, मान हलवत होते. मी बोल्ट लावायला वाकले की "ब्याड" म्हणायचे. अजून थेंब पडत होते. गॅरेजवाल्यांसारखी घाई मलाही झाली होती. मला आत जाऊन एकटीनं रडायचं होतं.

"कामून रडायलीस?" असं पूर्वी विचारलं असतं. आता त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोळ्यांकडं काठीचं टोक केलं.

मला राग आला. ह्यांच्यावर, त्या बोल्टवर, माझ्या कानावर. रागातच बोलून गेले.

"मला वाटलं मराठी आली. मला वाटलं तुमी मला येडी म्हणलाव. मी खाली पडून रडायलते आनंदानं, आन् तुमी बोल्ट सांगायलताव!"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसं तोंडाची डावी बाजू वर गेली. मग खांदा हलायला लागला. हसत होते. झटका आल्यापासून हे असे हसले नव्हते. हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणून दिलं, निम्मं शर्टावर सांडलं. त्यांनी डाव्या हातानं तोंड पुसलं, माझ्या तेलकट अवताराकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "येडीच."

पुरा शब्द. शेवटचा च सुद्धा गिळला नाही. तो च कन्नडात लागत नाही.

"व्हय," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार होते! परत म्हणा, असं या वेळी म्हणाले नाही. धीर झाला नाही. बसून राहिलो दोघं. शेजारीण कंटाळून आत गेली होती. घमेल्यात एक थेंब पडला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग पडायचा थांबला.

ते बघून त्यांनी काठीनं गाडीकडं खूण केली. मी नवं वायसर घातलेला बोल्ट घेतला, पोत्यावर आडवी झाले आणि आत सरकले. बोल्ट जागेवर धरला. तो कुठं फिरवायचा हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आता कुणीकडं फिरवू?" मी विचारलं.

मी थांबले.

"बलक्क," ते म्हणाले.

मी उजवीकडं फिरवला.