दिनानाथकाकांचे एकशेआठ नमस्कार

खारघरच्या आमच्या सोसायटीत सकाळचा योगवर्ग मी घेते. माझा वर्ग म्हणजे नुसता घाम. धडाधड सूर्यनमस्कार, वर कपालभाती. कुणी जरा दम खाल्ला की माझी जीभ सुटलीच. या वर्गात दिनानाथकाका शेवटच्या ओळीत सतरंजी टाकायचे. हृदयात स्टेंट बसवलेला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी बजावलं होतं, आसनं सावकाश करा, श्वास रोखू नका, दम लागेल असं काही करू नका. काका तेवढंच करायचे आणि शेवटी शांतपणे शवासनात पडून राहायचे.

मी सगळ्यांदेखत म्हणायची, "काका, योग करायला येता की झोप काढायला?" लोक हसायचे. काकाही हसायचे. ते हसायचे म्हणून मी रोज म्हणायची.

तळोज्याच्या एका कारखान्यात काका बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर बॉयलर सोडून निघता येत नाही. त्याचीही पाळी आपणच काढायची. पोरीच्या बारशालाही ते असेच पोचले नव्हते, असं त्यांच्या पत्नी वैजयंतीकाकू सांगायच्या. कुणाची जागा रिकामी दिसली की हा माणूस तिथे जाऊन उभा राहायचा.

यंदा रथसप्तमीला मी विंगवार स्पर्धा ठेवली. प्रत्येक विंगचे पाच जण, न थांबता एकशेआठ सूर्यनमस्कार. आमच्या बी विंगचा सुभाष ऐनवेळी आलाच नाही. आता विंग बाद होणार म्हणून मी तणतणत होते, तेवढ्यात काका पुढे आले.

"मॅडम, मी राहतो ना उभा. किती टेन्शन घेता!"

त्यांचा स्टेंट मला ठाऊक होता. "जमेल ना?" एवढंच मी विचारलं. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याला असं विचारणं म्हणजे न विचारणंच. शिवाय विचारता विचारता मी त्यांचं नाव लिहूनही टाकलं होतं.

मी आकडे म्हणत होते. बासष्टला काकांचे ओठ पांढरे दिसले. "चला काका, थोडंच राहिलं!" मी ओरडले. थांबा म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं, ते मी केलं नाही, आणि याची लाज मला जन्मभर पुरेल. सत्तर नमस्कार व्हायच्या आतच काका सतरंजीवर बसले, छातीवर हात ठेवला आणि आडवे झाले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

दिवसकार्य झाल्यावर मी बोलणी खायच्या तयारीने काकूंकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"तुमाला एक सांगायचं राहूनच गेलं," काकू म्हणाल्या. "आदल्या आठवड्यात यांचं प्रेशर तपासलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि हा हळू योग, दोन्ही चालू ठेवा. हे लगेच पेढे घेऊन तुमच्याकडे निघाले होते. मीच यांना म्हटलं, रथसप्तमी होऊ दे. आत्ता मॅडमना तुमच्याकडे बघायला वेळ कुठाय?"